‘चौकशीसाठी प्रलंबित’ हे उत्तर नव्हे

शेतकऱ्याच्या घरात अवेळी मरण आलं आणि सरकारी मदत महिनोन् महिने रखडली, की एक ठरलेला बचाव पुढे येतो. पैसा जनतेचा आहे, डोळे मिटून वाटता येत नाही. लोकांची कागदपत्रं अपुरी असतात. वारसांचे आपसात वाद असतात. एकेका तलाठ्याकडे तीन-चार गावं असतात. आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून: मदत अशी झटपट मिळायला लागली तर लोक गैरफायदा घेतील. हा बचाव फक्त साहेबलोक करतात असं नाही. ज्यांच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे, अशी माणसंही टपरीवर बसून तो करतात. वरवर तो पटतो, म्हणूनच त्याचा एकेक धागा उसवून पाहायला हवा.

माझं म्हणणं असं की या उशिराला दक्षता म्हणता येत नाही. जी माहिती सरकारच्याच दप्तरात पडून आहे, ती गोळा करून सरकारलाच परत नेऊन देण्याचं काम आपण नुकतंच माणूस गमावलेल्या घरावर टाकलं आहे. वेळ तिथं जातो. हे काम सरकार स्वतः करू शकतं, आधी पैसे देऊन मागाहून पडताळणीही करू शकतं. त्याचे दाखले सरकारनंच देऊन ठेवले आहेत, आणि त्यातला सगळ्यात चांगला दाखला बुलढाणा जिल्ह्याचाच आहे.

आधी मदतीचा हिशेब पाहू. चिखली तालुक्यातल्या एखाद्या घरातला कर्ता माणूस वीज पडून गेला, तर ती नैसर्गिक आपत्ती; वारसांना ४ लाख. शेतात साप चावून गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना; २ लाख, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. कर्जापायी त्यानं जीव दिला, तर १ लाख, तेही जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ‘पात्र’ असा शेरा मारला तर. आणि तो शेतमजूर होता, नावावर गुंठाभर जमीन नव्हती, दुखण्यानं गेला, तर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार. मरण कोणत्या खात्यात जमा होतं त्यावर भाव ठरतो. चूल मात्र चारही घरांत त्याच दिवशी विझते.

यातली तिसरी मदत सगळ्यात जास्त अडते, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर. १ लाख हा आकडा २००५-०६ मध्ये ठरला. त्यातले ३० हजार वारसाच्या हातात, उरलेले ७० हजार ठेवीत. त्याच २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्या सहांत बुलढाणा होता. तेव्हा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला १,०२० रुपये होता. २०२५-२६ साठी तो ५,३२८ आहे. म्हणजे त्या वेळी १ लाखात ९८ क्विंटल सोयाबीन येत होतं, आता १९ क्विंटलही येत नाही. अर्ज वर्षभर पडून राहिला तर त्याला आपण दिरंगाई म्हणतो. रक्कम वीस वर्षं जागची हलली नाही, त्याला काय म्हणायचं?

पात्र ठरण्यासाठी कारण तिनापैकी एक असावं लागतं: नापिकी, कर्जबाजारीपणा, कर्जफेडीचा तगादा. अमरावती विभागात या मृत्यूंची नोंद २००१ पासून ठेवली जाते आणि तिच्यात तीन रकाने असतात: पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. पश्चिम विदर्भात वर्षानुवर्षं पात्र आणि अपात्र हे दोन आकडे एकमेकांच्या आसपास चालत आले आहेत. ढोबळमानानं दोन घरांतलं एक घर रिकाम्या हातानं परत जातं. तिसरा रकाना लहान असतो, त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण अपात्र ठरलेलं घर निदान दुसरी वाट धरतं. प्रलंबित घर वाट पाहत बसतं, आणि वाट पाहता पाहता पेरणी येते, शाळेची फी येते, सोसायटीची नोटीस येते.

आता बचावाकडे वळू. पहिला मुद्दा, पैसा जनतेचा आहे, आधी पडताळणी हवी.

२८ जून २०२४ ला राज्याच्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. सुरुवातीला अधिवासाचा दाखला हवा होता. तलाठी कार्यालयांपुढे रांगा लागल्या, तसा काही दिवसांतच तो नियम सैल झाला आणि पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, काहीही चालू लागलं. पिवळं-केशरी कार्ड असलं तर उत्पन्नाचा दाखला माफ झाला. पाच एकरांची अट गेली. मुदत वाढली. अंगणवाडी सेविका घरोघरी बसून अर्ज भरू लागल्या. १४ ऑगस्टपासून, म्हणजे घोषणेनंतर दीड महिन्यात, लाखो बायकांच्या खात्यात दोन हप्त्यांचे ३ हजार पडायला सुरुवात झाली. पडताळणी नंतर आली. २०२५ च्या जुलैत सुमारे २६ लाख नावांचा लाभ चौकशीसाठी थांबवला गेला. त्यांत सरकारी नोकर निघाले, पुरुषही निघाले.

या योजनेवर माझा राग नाही. घरोघरच्या बायकांच्या हातात दीड हजार पडले, त्यांनी ते कसे खर्चले, हे मी जवळून पाहतो; ते पैसे वाया गेले असं म्हणणाऱ्यांशी मी वेगळा वाद घालीन. मुद्दा इतकाच की दोन कोटींहून अधिक बायकांच्या बाबतीत सरकारनं ‘आधी द्या, मग तपासा’ हे तत्त्व स्वीकारलं, चुका होणार हे गृहीत धरून स्वीकारलं, आणि त्यामुळे राज्य बुडालं नाही. मग बुलढाणा जिल्ह्यातल्या काहीशे घरांच्या बाबतीतच जनतेच्या पैशाची एवढी काळजी कुठून येते? हिशेबासाठी धरा, वर्षाला ३०० घरं. प्रत्येकी ३० हजार तातडीनं दिले तर ९० लाख होतात. त्यातली दहा टक्के प्रकरणं पुढे खोटी निघाली, आणि एक रुपयाही वसूल झाला नाही, तरी तोटा ९ लाखांचा. जिल्ह्यात एखाद्या पुढाऱ्याच्या दौऱ्याआधी रस्त्याला डांबर फासायला किती लागतात, ते ज्याचं त्यानं आठवावं.

दुसरा मुद्दा कागदपत्रांचा. इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळं घोडं इथंच पेंड खातं.

असं मरण आलं की पोलीस पाटील ठाण्याला कळवतो. बीट अंमलदार येतो, पंचनामा करतो, अकस्मात मृत्यूची नोंद होते. देह ग्रामीण रुग्णालयात जातो, सरकारी डॉक्टर शवविच्छेदन करतो. गावचा तलाठी (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) घरी येऊन तहसीलदारांना कळवतो. दोन-तीन दिवसांत सरकारच्या चार नोकरांना माहीत असतं की कोण गेलं, कधी गेलं, कसं गेलं, मागे कोण उरलं. चौघांनी ते लिहूनही ठेवलेलं असतं.

आणि मग त्या घरातली बाई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून तहसीलला येते. पिशवीत काय असतं? तलाठ्यानंच दिलेला सातबारा आणि आठ-अ. पोलिसांनीच केलेल्या पंचनाम्याची झेरॉक्स. सरकारी डॉक्टरनंच लिहिलेला पीएम रिपोर्ट. ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला. बँकेचं थकबाकीचं पत्र. रेशनकार्ड, आधार, पासबुक. एकेक कागद सरकारच्या किंवा बँकेच्या टेबलावर जन्मलेला, आणि तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेण्यासाठी हमाल म्हणून जुंपली जाते ती बाई. टेबलामागचा माणूस पानं उलटतो. आधारवर ‘ज्ञानेश्वर’ आहे, सातबाऱ्यावर ‘ज्ञानदेव’. ‘मावशी, त्रुटी आहे. नावात बदल आहे, प्रतिज्ञापत्र करून आणा.’ ती विचारते, ‘मंग कवा येऊ, साहेब?’ साहेब काही वाईट माणूस नसतो. पण गावात ज्याला सगळे एकाच नावानं ओळखत होते, त्याच्या नावातली तफावत त्याच्या मरणानंतर त्याच्या बायकोनं शपथेवर मिटवावी, अशी ही व्यवस्था आहे. ती चूक झाली कुठं? एकतर आधारच्या केंद्रावर, नाहीतर तलाठ्याच्या दप्तरात.

फाइल जिल्ह्याला गेली की चकरा लांबतात. घाटाखालच्या संग्रामपूरहून बुलढाणा शंभराच्या आसपास किलोमीटर. जळगाव जामोद, नांदुरा, मोताळा करत घाट चढायचा. समितीची बैठक केव्हा आहे, आपलं प्रकरण तीत आहे की नाही, हे घरच्यांना सहसा कळत नाही. म्हणून ती प्रत्यक्ष जाऊन विचारतात. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. सरकारनं चकरेवर ५० टक्के सूट दिली, चकर मात्र शिल्लक ठेवली.

‘वारस कोण हे ठरल्याशिवाय पैसे कुणाला देणार?’ असा प्रश्न यावर येतो. प्रश्न रास्त आहे. महिला किसान अधिकार मंचानं विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत अशा घरांतल्या ५०५ बायकांची पाहणी केली, तेव्हा ४० टक्के बायकांच्या नावावर त्या कसत असलेली जमीन अजून झालेलीच नव्हती. सासऱ्याच्या नावचा सातबारा, दिरांचा हिस्सा, माहेरी जाण्यासाठी दबाव, हे सगळं खरं आहे. पण याचं उत्तरही बुलढाण्यातच आहे. १ मार्च २०२५ पासून या जिल्ह्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली. सातबाऱ्यावर मेलेली माणसं खातेदार म्हणून जिवंत होती. त्यांची नावं काढून वारसांची लावायची, आणि तेही वारसांनी खेटे घालण्याची वाट न पाहता, गावात चावडीवाचन करून, मयतांच्या याद्या तलाठ्यानंच बनवून. प्रयोग इतका चालला की महसूलमंत्र्यांनी महिनाभरात, १ एप्रिलपासून, तो सगळ्या राज्याला लागू केला: अमुक तारखेपर्यंत याद्या, अमुक तारखेपर्यंत कागद, अमुक तारखेपर्यंत फेरफार. वर्षानुवर्षं अडलेल्या वारसनोंदींना वेळापत्रक मिळालं.

जिल्ह्याला याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण मग जे आपण पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांसाठी करू शकलो, ते परवा गेलेल्या माणसासाठी का नाही? चावडीवर उभं राहून तलाठी मेलेल्यांची यादी वाचू शकतो, तर तिसऱ्याच्या दिवशी त्याच घरी जाऊन ओट्यावर बसून अर्जही भरू शकतो.

आता तो निकष, ज्यानं या जिल्ह्यात सगळ्यात मोठा अन्याय केला आहे. कर्जबाजारीपणा मान्य व्हायचा तर कर्ज राष्ट्रीयकृत बँकेचं, सहकारी बँकेचं किंवा मान्यताप्राप्त सावकाराचं लागतं. कागदावर ठीक दिसतं. पण बुलढाण्यात सहकारी बँकेचं काय झालं होतं? मे २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला नव्या ठेवी घ्यायला मनाई केली. नागपूर आणि वर्धा या तिच्या आणखी दोन जोडीदार. परवान्यासाठी लागणारं किमान भांडवलही तिच्याकडे उरलं नव्हतं. ठेवीदारांचे पैसे अडकले, गावोगावच्या सोसायट्यांचं पीककर्ज आटलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रानं देशातल्या अशा २३ जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, त्यात महाराष्ट्रातल्या या तीन होत्या. तोवर आणि त्यानंतरही कितीतरी हंगाम गेले.

त्या हंगामांत शेतकऱ्यानं पेरलं नाही का? पेरलं. कृषी केंद्राकडून बी-खत उधारीवर आणलं, ओळखीच्या माणसाकडून शेकड्यानं पैसे उचलले, बायकोच्या नावावर मायक्रोफायनान्सच्या गटाचं कर्ज काढलं, नाहीतर दोन एकरांचं खरेदीखत करून देऊन सावकाराकडून रक्कम घेतली. यातलं एकही कर्ज त्या यादीत बसत नाही. म्हणजे सरकारच्या देखरेखीखालची बँक बुडाली, म्हणून माणूस विनापरवाना सावकाराकडे गेला. आणि विनापरवाना सावकाराकडे गेला, म्हणून त्याच्या मरणाचं कारण सरकारला मान्य नाही.

यावर म्हणतात, बेकायदा कर्जाचा पुरावा काय? याचंही उत्तर सरकारच्या कायद्यातच आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि सावकारीत गिळलेली जमीन खरेदीखत असलं तरी शेतकऱ्याला परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक चौकशी करून देऊ शकतात. म्हणजे सहकार खात्याला हे कर्ज दिसतं, त्याची चौकशी करता येते, त्यावरून जमीन परत करता येते. त्याच जिल्ह्यात, त्याच आवारात, मदतीच्या फाइलवर मात्र ते कर्ज अस्तित्वातच नसतं. एका हाताला माहीत आहे ते दुसऱ्या हाताला माहीत नसणं समजू शकतो. इथं दोन्ही हात एकाच बैठकीत एकाच टेबलावर असतात.

नापिकीचंही तेच. गावाचं पीक बुडालं की नाही हे ठरवायला त्या घरानं काय पुरावा आणायचा? पैसेवारी तहसील कार्यालयच काढतं. हंगामी, सुधारित आणि ३१ डिसेंबरला अंतिम. अतिवृष्टीचे पंचनामे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात. २२ जुलै २०२३ ला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत एका दिवसाच्या पावसानं शेतं खरडून नेली, ती कुणाची, किती, याच्या याद्या महसूल खात्याकडेच आहेत. ज्या गावाची पैसेवारी सरकारनंच पन्नास पैशांखाली दाखवली, त्या गावातल्या माणसाच्या नापिकीची पुन्हा चौकशी कशाला? आधी जाहीर केलेलं खोटं होतं का?

तिसरा मुद्दा मनुष्यबळाचा. तो खरा आहे, म्हणून त्यावर फार भांडत नाही. २०२३ मध्ये राज्यानं तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची भरती काढली, यावरूनच आधी किती सज्जे रिकामे होते ते कळतं. पण माणसं कमी आहेत हे कमी चौकशी करण्याचं कारण व्हायला हवं. आपण ते उशिरा चौकशी करण्याचं कारण बनवतो. ज्याच्याकडे चार गावं आहेत, त्याच्याकडून एकाच मरणाचे चार अहवाल चार वेगवेगळ्या नमुन्यांत कशाला मागता?

चौथा मुद्दा, उशीर आमच्यामुळे होत नाही, वरून अनुदान येत नाही. हा बचाव मला सगळ्यात लंगडा वाटतो, कारण तो सरकारनं सरकारविरुद्धच केलेला आहे. पुरात माणूस वाहून गेला तर तरतुदीची वाट न पाहता कोषागारातून रक्कम उचलण्याची सोय महसूल खात्याकडे आहे. बाबूलोक तिला ‘उणे प्राधिकार’ म्हणतात. म्हणूनच मंत्र्यांच्या दौऱ्यात ४ लाखांचा धनादेश चार दिवसांत वारसाच्या हातात दिसतो, फोटोसह. ती सोय प्रत्येक मरणाला का नाही? पैसा नाही म्हणून उशीर होतो, की फोटो नाही म्हणून?

उशीर कुणामुळे होतो हे सरकारला चांगलं समजतं, याचा आणखी एक पुरावा आहे. शेतकरी अपघात योजना २०२३ पर्यंत विमा कंपन्यांमार्फत चालायची. कंपन्या दावे वेळेत निकाली काढत नाहीत, नाहक त्रुटी काढतात, फुटकळ कारणांवरून नाकारतात, अशा तक्रारी सरकारनंच मान्य केल्या आणि १९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानं कंपन्यांना बाजूला सारून योजना स्वतःकडे घेतली. मंजुरी तहसीलदारांच्या समितीकडे, ३० दिवसांची मुदत. निर्णय चांगला होता. पण कंपनीनं त्रुटी काढली की ती नाहक, आणि तहसीलच्या खिडकीवर निघाली की ती नियमानुसार, असं कसं? फवारणी करताना विषबाधा होऊन माणूस गेला तर व्हिसेरा अहवाल लागतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा कारण काय याविषयी अख्ख्या देशाला शंका नव्हती. प्रयोगशाळेचा कागद घरच्या हातात नसतो, तो येईतो घड्याळ कुणाचं थांबतं? साप-विंचवाच्या बाबतीत सरकारनं रासायनिक विश्लेषणाच्या अहवालातून सूट दिलेली आहे. म्हणजे सूट देता येते.

राहिला खालच्या आवाजातला मुद्दा: मदत लगेच मिळाली तर लोक तिच्यासाठी जीव देतील, किंवा कुठलंही मरण कर्जाच्या खात्यावर टाकतील. यातला पहिला भाग मी फार वेळ हातात धरू शकत नाही. ३० हजार रोख आणि ७० हजारांच्या ठेवीसाठी कुणी आपलं घर उघडं टाकून जातो, असं मानणाऱ्यानं अशा एखाद्या घरी तासभर बसून यावं. मग वाद घालू. दुसरा भाग मात्र मान्य. खोटी प्रकरणं होतात. गावात सगळ्यांना माहीत असतं की अमक्याचं मरण कशानं झालं आणि फाइलवर काय लिहिलं गेलं. दारूचं व्यसन, घरगुती भांडण, दुखणं हे कर्जाच्या खात्यावर टाकलं जातं, आणि उलटही होतं: कर्जानं पिचलेल्या माणसाचं मरण ‘व्यसनाधीनता’ म्हणून निकालात निघतं, कारण पंचनाम्यात कुणीतरी तसा शब्द टाकला. पण उशिरानं यातलं काय सुधारतं? सहा महिन्यांनी चौकशी केली म्हणून सत्य जास्त स्पष्ट दिसत नाही. साक्षीदारांना सांभाळून घ्यायला सवड मिळते, दलालाला शिरायला फट मिळते. जिथं फाइल हलत नाही, तिथंच ती हलवून देणारा माणूस तयार होतो; त्याचा दर तहसीलच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्यालाही ठाऊक असतो. गैरव्यवहाराची भीती असेल, तर उशीर हा गैरव्यवहाराचा धंदा आहे, त्यावरचा उपाय नव्हे.

हे सगळं आज नव्यानं मागितलं जातंय असंही नाही. २८ नोव्हेंबर २००१ ला अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला होता: दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला, की राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेची रक्कम (तेव्हा १० हजार) चार आठवड्यांत, गावच्या सरपंचामार्फत द्यावी. चार आठवडे, आणि सरपंचामार्फत; म्हणजे बाईनं कुठं जायचं नाही, पैसे तिच्याकडे यायचे. पुढं २०१२ मध्ये रक्कम दुप्पट झाली. सरपंच मात्र या साखळीतून कुठं गळाला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग करायचं काय? मागणी मोठी नाही. शेतकरी असो की शेतमजूर, घरातल्या कमावत्या माणसाच्या अनैसर्गिक मृत्यूची नोंद पोलिसांत झाली, की आठ दिवसांत तहसीलदारांनी ३० हजार घरच्या बाईच्या खात्यात टाकावेत; पात्र-अपात्रतेचा काथ्याकूट त्यानंतर सावकाश होऊ द्या. कागद तलाठ्यानं, पोलिसांनी, डॉक्टरांनी आपापसात मागवावेत. वारसांनी फक्त अंगठा आणि पासबुक द्यावं. समितीच्या बैठकीची तारीख आणि तीतली प्रकरणं तहसीलच्या फलकावर लावावीत, अपात्र ठरवलं तर कारण दोन ओळींत लिहून घरी पाठवावं. सावकाराच्या आधीचा ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द काढून टाकावा. आणि मरणानंतरची प्रत्येक मदत लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ च्या मुदतीत आणि दंडात बसवावी. उत्पन्नाच्या दाखल्याला उशीर झाला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, तर तो इथं का नको?

‘नियमात बसत नाही’ हे शेवटचं उत्तर मला माहीत आहे. नियम सरकारचाच आहे. तो बदलायला नवा कायदा लागत नाही, विधिमंडळाचं अधिवेशन लागत नाही. महसूल व वन विभागाचा एक शासन निर्णय पुरतो. आणि मनात आलं तर मंत्रालयातून तसा निर्णय निघायला, त्यात दुरुस्ती व्हायला आणि दुरुस्तीत पुन्हा दुरुस्ती व्हायला किती दिवस लागतात, हे २०२४ च्या जुलै महिन्यात सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं आहे.